भरावातले शंख

मॅडम कोणताही दगड हातात आला की आधी जिभेला लावीत आणि डोळे मिटत. भूगर्भशास्त्र विभागात नव्याने आलेल्याला तो प्रकार किळसवाणा वाटे. पण ओल्या दगडावर शंखाच्या रेघा स्पष्ट दिसतात, आणि जीभ काही कुणी घरी विसरत नाही. दगडाचा निकाल लागला, की डोळे उघडून त्या दगड आणणाऱ्याचा निकाल लावीत.

“छान आहे. रस्त्यावरची गिट्टी आहे. होती तिथे ठेवून या. कुणाची गाडी अडली असेल.”

तुमच्याही ओळखीत असे एखादे माणूस असेल, ज्याच्यापुढे जाण्याआधी आपण पहिले वाक्य दाराबाहेरच मनात जुळवून घेतो. शाळेतली भूगोलाची नोकरी संपवून मी संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा जुळवलेले वाक्य विसरलो. वयाने आम्ही बरोबरीचे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

“गुरुजी, हे शंख साडेसहा कोटी वर्षं थांबलेत. त्यांना घाई नाही. तुम्हाला आहे.”

त्यांच्या कामाविषयी थोडे सांगणे भाग आहे. नागपूरच्या पश्चिमेला जमिनीखाली काळ्या खडकाचे दोन थर आहेत. दोन वेळा वाहून थिजलेला लाव्हा. या दोन वेळांच्या मधल्या शांत काळात इथे तळी साचली, तळ्यांत गोगलगायी वाढल्या, आणि पुढच्या लाव्ह्याने सारे झाकून टाकले. त्यांचे नखाएवढे शंख मधल्या पांढुरक्या थरात आजही सापडतात. कवच पातळ आणि तोंड रुंद असेल, तर पाणी संथ व बारमाही होते. वाढीच्या रेघा दाटीने आल्या असतील, तर तळे दरवर्षी आटत होते. अशा रीतीने त्या काळचा पाऊस वाचता येतो. अट एकच: शंख नेमका कोणत्या थरातून निघाला, हे ठाऊक हवे. थर ठाऊक नसलेल्या शंखाला मॅडम ‘बेवारशी’ म्हणत.

आता त्या थरावर शहर वसले आहे. त्यामुळे कुठे इमारतीच्या पायाचा खड्डा खणला जाऊ लागला, की तिथला मुकादम मॅडमना फोन करी आणि आम्ही सारे हातोड्या घेऊन धावत असू. मॅडम खड्ड्याच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, छत्रीखाली बसत. प्रमाण मराठीत बोलत असल्या तर आम्ही सुरक्षित असू. वऱ्हाडी सुरू झाली, की कुणाची तरी पाळी आली असे समजावे.

वैशाली त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. काटोलकडच्या एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवीत असे, पीएच.डी. मिळाली तर तिथली कायमची जागा तिला मिळणार होती. ती वेगाने काम करी. वेग हा मॅडमना उद्धटपणा वाटे.

एका खड्ड्यावर आम्ही पोहोचलो, तेव्हा काठाशी मुरमाचा मोठा ढीग होता आणि त्यात शंखच शंख चमकत होते. वैशालीने आनंदाने पिशव्या भरल्या. खड्ड्यातूनच निघालेला मुरूम, असे तिने गृहीत धरले, आम्हीही धरले. मॅडम छत्रीखालून पाहत होत्या.

“भर, वं. मस्त भर,” एवढेच त्या म्हणाल्या.

तीन वर्षे वैशालीने ते शंख धुतले, कापले, भिंगाखाली त्यांच्या रेघा मोजल्या. ‘या तळ्यात बारमाही पाणी होते’ असा तिचा निष्कर्ष होता. प्रकरणामागून प्रकरण मॅडम वाचत गेल्या, काना-मात्रा सुधारत गेल्या. प्रबंध दाखल करण्यापूर्वीचे सादरीकरण झाले, तेव्हा सभागृह भरलेले होते. वैशालीचे आईवडील गावाहून आले होते. आईच्या मांडीवर पेढ्यांचा डबा होता. टाळ्या थांबल्यावर मॅडमनी पहिल्या रांगेतून विचारले,

“काहून वं, तो मुरूम कुठचा होता?”

“खड्ड्यातलाच, मॅडम.”

“खड्ड्यातला? तो भरावाचा होता. दुसऱ्या खदानीतून ट्रकनं आणला होता. मुकादमानं मले तेव्हाच सांगतलं होतं. खदान कोणती, ते त्यालेही माहीत नव्हतं.” त्या सभागृहाकडे वळल्या. “तीन वर्षं पोरीनं बेवारशी शंखांची वरात काढली.”

कुणीतरी हसले. वैशालीने पडद्यावरचे चित्र स्वतःच बंद केले. तिच्या आईला काय झाले ते कळले नव्हते. ती पेढ्यांचा डबा उघडू की नको, अशा नजरेने माझ्याकडे पाहत होती.

त्या संध्याकाळी प्रतापनगरला मॅडमना घरी सोडताना मी, माझ्या स्वभावात नसलेले धैर्य करून, विचारले, “तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगून आलेली अक्कल टिकत नाही, गुरुजी.” मग कपाटातून त्यांनी एक लाकडी पेटी काढली. त्याच खड्ड्याच्या मधल्या थरातून त्यांनी स्वतः, आम्ही निघून गेल्यावर, शंख काढून ठेवले होते. खोली, दिशा, सारे चिठ्ठ्यांवर लिहिलेले. त्या खड्ड्यावर आता इमारत उभी होती. “रडून झालं की येईल. आली की देईन. वर्षभरात नवा प्रबंध होईल तिचा.”

वैशाली आली नाही. काटोलची जागा दुसऱ्याला मिळाली. ती जरीपटक्याच्या एका शिकवणी वर्गात दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवू लागली. मॅडमनी तिला बोलावले नाही. येण्याचे काम तिचे होते.

मॅडम धंतोलीच्या इस्पितळात अखेरच्या आजारात होत्या, तेव्हा मात्र त्यांनी मला ती पेटी आणायला लावली आणि म्हणाल्या, “फोन करा तिले.”

वैशाली आली. पलंगाशी उभी राहिली.

“कशी आहेस, वं?”

“बरी आहे. शिकवून राहिली.”

मॅडमनी पेटी तिच्याकडे सरकवली. “थरातले आहेत. तुझ्यासाठीच ठेवले होते. कर पुरं.”

वैशालीने झाकण उघडले. एक शंख उचलून तो उजेडात धरला आणि पुष्कळ वेळ पाहिला. तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला, असे मला वाटले. मग तिने शंख जागच्या जागी ठेवला आणि झाकण लावले.

“मॅडम, त्या दिवशी खड्ड्याच्या काठी खुर्चीवरून तुम्ही नुसतं ‘वैशाली’ म्हणून हाक मारली असती, तरी पुरलं असतं.” आवाज मुळीच चढला नव्हता. “हे नेलं, तर मले रोज तुमची आठवण येईन. ते मले नको.”

तिने वाकून नमस्कार केला, पायाशी घसरलेली चादर नीट केली आणि ती गेली.

मॅडम दाराकडे पाहत होत्या. त्या रडतील, असे मला वाटले.

“पाहिलंत? पाय नाही डगमगला पोरीचा,” त्या म्हणाल्या. “विद्यार्थिनी आहे माझी.”

मी पेटीजवळ उभा होतो. माझा प्रबंध अजून अर्धाच होता आणि माझ्याकडे इतके चांगले शंख नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पेटीकडे.

“गुरुजी, ती कपाटात ठेवून द्या. किल्ली माझ्या भाचीकडे द्या.”

त्या गेल्याचा फोन मला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तोवर मी पेटी प्रतापनगरला कपाटात ठेवली होती, कुलूप लावले होते आणि ते लागले आहे ना, हे ओढूनही पाहिले होते.