मस्करी हाय का खरं?

आमच्या वस्तीत माझ्या आईइतक्या गोड शिव्या देणारं माणूस दुसरं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते. बोरी अरबला आमच्या वस्तीत कुणाचंही लग्न असो, विहिणीला टोमणे मारणारी गाणी म्हणायला आईला मानानं पुढं बसवत. वराकडच्या बायांची ती गाण्यातून अशी काही फजिती करायची, की त्या हसून हसून तोंडात पदर कोंबायच्या आणि निघताना तिच्याच गळ्यात पडायच्या. कापूस वेचायला गेली तरी तेच. तिच्या शेजारची ओळ मिळावी म्हणून बाया सकाळी लवकर निघायच्या. हात बोंडांवर आणि जीभ शेजारणीच्या संसारावर. "काय वं, आज नवऱ्यानं भाकरी थापून देल्ल्या का? लयच खुश दिसून राह्यली!" की आख्खं वावर हसायचं.

छप्पन साली आई-बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातला देव्हारा गेला, उपास गेले, आईच्या अंगावर पांढरी साडी आली आणि मला शाळेतून काढायचं नाही, हे तिनं बाबांना ठणकावून सांगितलं. थट्टा मात्र होती तिथंच राहिली. वस्तीतल्या काही जाणत्यांचं म्हणणं होतं की ही टोमण्यांची गाणी आता जुन्याबरोबर टाकून द्यावीत. आई त्यांना म्हणाली, "बुद्धानं हसू नोका म्हणून सांगतलं का कुठी?" जाणतेही हसले आणि तो विषय तिथंच मिटला.

पुढं दोनेक वर्षांनी, ऐन वेचणीच्या दिवसांत, आईला लकवा मारला. डावा हात, डावा पाय लुळा पडला. तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी आम्हाला समजावलं, "डावं अंग गेलंय म्हणजे मेंदूची उजवी बाजू दुखावली आहे. बोलणं असतं डाव्या बाजूला, ते वाचलं. तुम्ही नशीबवान." खरोखरच आई धडधडीत बोलत होती. नावं, नाती, गावं, सगळं बिनचूक. आम्ही आनंदानं तिला घरी आणलं.

घरी आल्यावर एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. ताटात डाव्या बाजूला वाढलेली भाजी तशीच राहायची. ताट फिरवून ठेवलं की मग खायची. डावीकडून कुणी आलं तर तिला पत्ताच नसायचा. आणि तिचा आवाज सपाट झाला होता. पूर्वी तिच्या 'हो'चे सतरा प्रकार होते. आता भात झाला हे आणि गोठ्याला आग लागली हे तिनं एकाच सुरात सांगितलं असतं. आजारपणाचा थकवा असेल, असं आम्ही म्हणायचो.

शेजारची मावशी आईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी एकमेकींना सरळ नावानं हाक मारलेली मी ऐकलीच नाही. आईच्या आजारपणात मावशी रोज यायची, तिचे केस विंचरायची, तोंडाची टकळी चालवत राहायची. एक दिवस ती म्हणाली, "मर ना वं लवकर, तुही चांगली साडी तरी मले भेटन!" मी चुलीपाशी हसले. आई हसली नाही. मावशी गेल्यावर तिनं मला पेटीतली चांगली साडी काढायला लावली आणि म्हणाली, "दे तिले नेऊन. अन् सांग, माह्या घरी येऊ नोको."

मी नको नको म्हणत असताना तिनं मला पिटाळलंच. मावशीनं साडी हातात घेतली, निरोप ऐकला आणि ती परत माझ्या हातात कोंबून दार लावून घेतलं. त्यानंतर ती आमच्याकडं फिरकली नाही.

मग दुसरी गेली, तिसरी गेली. कुणी गमतीनं काही म्हणावं आणि आईनं तोंडावर सरळ उत्तर द्यावं, असं चाललं होतं. "राणीवानी बसून खाऊन राह्यली," असं एकीनं म्हटलं तर आई म्हणे, "मी राणी नाई. मले लकवा हाय." वस्तीनं आपापल्या परीनं अर्थ लावला. कुणी म्हणे, दीक्षा घेतल्यावर लई कडक झाली, आता तिला थट्टा पाप वाटते. कुणी म्हणे, लेक सातवी पास झाली त्याचा ताठा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दीक्षा घेऊन दोन वर्षं ही बाई सगळ्यांत जास्त हसत होती, हे लोक कसे विसरले? ज्या अंगणात दुपारी बाया मावत नसत, तिथं आता आई एकटी बसलेली असायची. तिच्याकडं बघून माझा जीव तुटायचा.

उलगडा झाला तो माझ्या रागातून. मी चुलीला जाळ लावत होते, धूर डोळ्यांत, आणि आई एकामागून एक कामं सांगत होती. मी वैतागून ओरडले, "हो, आता माह्या डोक्यावरच चूल मांड!"

आई विचारात पडली. मग म्हणाली, "डोक्यावर कशी मांडू वं? भाजन ना तुले."

मी वळून बघितलं. ती माझी खोडी काढत नव्हती. तिला खरंच काळजी वाटली होती. हातातलं लाकूड टाकून मी तिच्यापुढं बसले.

"माय, मी रागात बोलली. ते खरं नव्हतं."

"तू रागात होती? मले काहून नाई समजलं?"

"माह्या आवाजावरून नाई समजलं?"

"सारे आवाज मले सारखेच वाटते," आई म्हणाली. "शब्द समजते. त्याच्या मांगचं काई समजत नाई. लोकं तोंड वासतात, मंग मी पाहात राह्यतो, हे हसून राह्यले का चिडून राह्यले."

"अन् मावशी साडीचं बोलली ते?"

"ते मस्करी होती?"

मी हो म्हटलं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आवाज सपाट होता, आतली माया जिथल्या तिथं होती. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू! माझी आई माजली नव्हती, बदलली नव्हती. तिची फक्त एक वाट बंद झाली होती, आणि दुसरीकडून जाता येणार होतं.

पुढं खूप वर्षांनी, माझी लेक नर्स झाल्यावर, तिनं मला यातलं शास्त्र सांगितलं. शब्द आणि वाक्यं बहुतेकांची मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतात. पण बोलण्याचा सूर, टोमणा, थट्टा, वरच्या शब्दांच्या खालचा हेतू हे कळायला उजवा अर्धा लागतो. मी तिला म्हटलं, बाई, मी हे धुरात बसून शिकले.

त्या दिवशी मी चुलीपासून तशीच उठून मावशीकडं गेले आणि तिला हाताला धरून आणलं. आईच्या उजव्या बाजूला बसवलं. "आता मस्करी करायची तर आधी सांगायचं, मस्करी करून राह्यली म्हणून," मी बजावलं. मावशी रडत रडत म्हणाली, "मस्करी करून राह्यली हं. तुहं थोबाड पाह्याले आली मी." आई म्हणाली, "पाह्य मंग. फुकट हाय." तोच सपाट आवाज! पण उत्तर जुन्या आईचं होतं. माझ्या काकूला हे पटेना. "सांगून सवरून कोणी मस्करी करते का? त्यात काय मजा?" मी म्हटलं, मजा नसेल तर नसू दे, माणसं तर येतील. आणि आली. हळूहळू अंगण पुन्हा भरू लागलं. कुणी सांगायला विसरलं तर आई स्वतःच विचारायची, "मस्करी हाय का खरं?" वस्तीला त्याची इतकी सवय झाली की बाया घरी नवऱ्यांनाही तसंच विचारू लागल्या.

मग माझ्या लग्नाचं निघालं. महागावकडून मंडळी मला बघायला आली. नवऱ्या मुलाची आई मोठी हसरी आणि तोंडाळ. मी चहाच्या कपबशा घेऊन आले तशी ती म्हणाली, "पोरगी काळी हाय वं बाई, रात्रीची आमाले दिसनार नाई!" आमच्या भागात पोरगी पसंत पडल्यावरच अशी थट्टा करतात. परक्या माणसांपुढं आई विचारायचं विसरली आणि तिच्याकडं बघून म्हणाली, "मंग नोका करू. चाय पिऊन जा."

काकूनं कपाळावर हात मारला. मला मात्र हसू आवरेना. कपबशा खळखळायला लागल्या. बाबांनी घाईघाईनं लकव्याचं सांगितलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या. सोयरीक जमली, पण ती बाई जाताना जरा पडल्या चेहऱ्यानंच गेली.

झालं, काकूला कारण मिळालं. लग्नाच्या दिवशी आईला आतल्या खोलीत बसवायचं, असं तिनं ठरवून टाकलं. गाण्याच्या वेळी वराकडच्या बाया टोमणे मारणार, ही काहीतरी तोडून बोलणार, भर मांडवात सोयरे उठून जाणार. बाबाही गुळमुळीत हो म्हणाले. मी भडकले. ज्या बाईनं वस्तीतल्या सगळ्या पोरी गाऊन सासरी पाठवल्या, तिनं स्वतःच्या लेकीच्या लग्नात दाराआड बसायचं? मी सगळ्यांदेखत सांगितलं, "माय मांडवात नसन, तर नवरीबी मांडवात नसन." ही मस्करी नाही, हेही सांगितलं.

लग्न वैशाखात झालं. वंदना झाली, पांढऱ्या साडीत मी आणि पांढऱ्या कपड्यात नवरदेव, फुलं पडली, जेवणावळी सुरू झाल्या, वरणाच्या गंजांत पळ्या खणखणू लागल्या. आणि बायांनी मांडवात दोन फळ्या धरल्या. आमच्या बाजूला सर्वांत पुढं आई. तिच्या उजव्या हाताशी मावशी. दोघींचं ठरलं होतं, मावशीनं हातावर थाप दिली की समजायचं, थट्टा चालली आहे. काकू मागं उभी राहून पदराशी चाळा करत होती.

वराकडच्या बायांनी सुरुवातच आईपासून केली.

"नवरीच्या मायचं वरण पाहा बाई,
मारली त्यात डुबकी, दाळ सापडली नाई!"

समोर टाळ्यांवर टाळ्या. आईची मान ताठ झाली. "दाळ होती..." ती एकदम म्हणाली. मावशीनं थाप मारली. आई थांबली. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "मस्करी हाय का खरं?"

"मस्करी!" आमच्या वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया ओरडल्या. महागावकडच्या बाया बघतच राहिल्या.

"बरं," आई म्हणाली. आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता, बाजारभाव सांगावा अशा आवाजात, तिनं म्हटलं,

"दाळ होती गंजभर बाई, खोटं बोलत नाई,
तळाशी जाऊन पाहा, तेथी बसली विहीणबाई!"

पहिली मावशीच हसत सुटली. मग असा हशा उसळला की जेवायला बसलेले पुरुष पंगतीतून उठून बघायला आले. तो सपाट आवाज, तो न हसणारा चेहरा! पूर्वीची आई डोळे मिचकावून, सूर लावून म्हणायची, तेव्हासुद्धा लोक इतके हसले नव्हते. शब्द तिचे होतेच, जुळवायची ताकदही तिचीच होती. कधी जुळवायचं एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. तिकडून दुसरं गाणं आलं. आईनं विचारलं, "मस्करी?" आणि या वेळी वराकडच्या बायाच आमच्याआधी ओरडल्या, "मस्करी!" मग गाण्यावर गाणं, उत्तरावर उत्तर. एकही कडवं तिनं खाली पडू दिलं नाही. काकू तर आमच्या बाजूनं सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती.

शेवटी माझी सासू डोळे पुसत उठली आणि आईच्या डाव्या बाजूला येऊन बसली. आईला ती दिसेना. मावशीनं खूण केली आणि स्वतः उठून आपली जागा दिली. सासूनं आईचा उजवा हात हातात घेतला. "हारलो वं बाई आमी," ती म्हणाली. "इतक्या लग्नात गाणे म्हणले, पण असं कोणी हारवलं नाई."

मावशी बाजूला उभी होती, थाप द्यायला कुणी नव्हतं. आता ती 'मस्करी?' म्हणणार म्हणून बायांनी माना पुढं केल्या. आईनं या वेळी काही विचारलं नाही. विहिणीकडं नीट बघून ती म्हणाली, "माहीत हाय मले. आता जेवा. दाळ लय हाय."

नवरीनं खाली मान घालून बसायचं असतं. मी उभी राहिले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या पिटल्या.