कोंबड्यावरचा आळ

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, आणि सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात माझ्या कोंबड्यासारखा कोंबडा दुसरा नव्हता. ही बढाई नाही. ज्याला शंका असेल त्यानं तेव्हा येऊन पाहायला पाहिजे होतं. तांबडा, मानेवर सोनेरी, चालला की कुत्रीसुद्धा बाजूला सरायची.

त्या साली विद्यापीठाच्या लोकांनी तुमसरच्या रस्त्यावर एका बंद राइस मिलच्या खोल्या घेतल्या. एक मोठे सर, एक डॉक्टर बाई, त्यांचे दोन-चार सोबती आणि जीप. गावंच्या गावं खोकतात, तापतात, ती कोणत्या विषाणूनं ते शोधायचं आणि त्यावर लस करायची, असं त्यांचं काम. जीप गावात यायची, बाई पारावर खुर्ची मांडायच्या आणि ज्याचं नाक वाहतं त्याच्या नाकातून कापसाची काडी फिरवायच्या. फिरवायच्या म्हणजे, कोणी फिरवू दिली तर. नसबंदीचे दिवस नुकतेच सरले होते. डॉक्टरची जीप दिसली की आमचे गडी धानाच्या बांध्यांत जाऊन बसायचे. मी पळालो नाही, पण सांगून टाकलं, "बाई, चहा प्या, बसा. माह्या नाकाले हात नाई लावाचा."

बाई म्हणाल्या, "नाक राहू द्या. अंडी देता का?"

त्यांनी समजावलं ते असं. हा विषाणू बाटलीत ठेवला तर वाढत नाही, त्याला जिवंत अंडं लागतं. ज्यातून पिल्लू निघेल असं. दुकानातली अंडी कामाची नाहीत, त्यांना कोंबडा लागलेला नसतो. मी म्हणालो, "मंग दुसरीकडे पाहूच नका."

घरी सांगितलं तर बायकोला माझ्याहून जास्त आनंद. तिनं एकेक अंडं निवडलं, पुसलं, फडक्यानं जवसाचं तेल लावलं आणि प्रत्येकावर काजळाचा टिका दिला. आमच्या घरातून लेकरू जत्रेला निघालं तरी तेल-काजळाशिवाय निघत नव्हतं. "आपली अंडी विद्यापीठात जाऊन राहिली," ती म्हणाली. "तशीच भुरकट धाडू काय?" टोपलीत तणसावर अंडी अशी चकाकत होती की मलाच उचलावीशी वाटेनात.

आठवड्यानं मिलमध्ये गेलो तर मोठे सर जरा खाली पाहूनच बोलले. "मशीनमध्ये उबवत ठेवली होती. सगळी कोरी निघाली, एकातही पिल्लू धरलं नाही. तुमचा कोंबडा म्हातारा झाला असेल. आम्ही दुसरीकडून घेऊ."

"सर, मले बोला. कोंबड्याले नावं नका ठेवू."

पण जीपचा ड्रायव्हर शेजारच्या गावचा. मी सायकलवर घरी पोचायच्या आधी बातमी पारावर पोचली होती. आमचा न्हावी वस्तरा घासतच म्हणाला, "काहून गा, तुह्या कोंबड्याले नसबंदीवाल्यायनं धरलं होतं काय?"

"जीपमंदी बसवून नेलं असन," दुसरा म्हणाला. "वरून इनामाचा तेलाचा डबा देला असन."

सगळा पार हसला. मी हसलो नाही. मला हसू चारेक दिवसांनी आलं, तेही एकटा असताना.

घरी त्याहून वाईट. मंडई, म्हणजे आमच्या गावची जत्रा, तोंडावर आली होती. दिवाळीनंतरच्या मंडईला दंडारीचा खेळ पाहायला पाहुणे येतात, आणि पाहुण्यांना रस्सा लागतो. माझे वडील बाजेवर बसल्या बसल्या म्हणाले, "निकामी कोंबडा दाणे कायले खाते? मंडईले कापून टाक."

"बाबा, त्यायच्या मशीनची चूक असन."

"मशीन काय कोंबडी हाय, चूक कराले?"

शेवटी एवढं कबूल करून घेतलं की अजून एकदा अंडी न्यायची. पुन्हा कोरी निघाली तर रस्सा. बाबा बोलले की बोलले. मीही त्यांचाच लेक.

या वेळी बायकोनं दुप्पट तेल लावलं. मी अंड्यांची टोपली हँडलला बांधली आणि मागच्या कॅरिअरवर दुसऱ्या टोपलीत कोंबडा घेतला. म्हटलं, ज्यांनी नावं ठेवली त्यांनी याचं तोंड तर पाहावं. मिलमध्ये जाऊन त्याला सरळ सरांच्या टेबलावर सोडला. त्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं, छाती काढली आणि अशी बांग दिली की आतल्या खोलीतले सगळे बाहेर आले.

"हा म्हातारा दिसते काय?" मी म्हणालो.

सर म्हणाले, "नाही हो. पण आवाजानं अंडं फळत नाही."

बाई हसत हसत टोपलीपाशी आल्या, एक अंडं उचललं आणि ते त्यांच्या हातातून सटकलं. फरशीवर फुटलं. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली, नाकाजवळ नेली.

"याला काय लावलंय?"

"जवसाचं तेल. घरचंच हाय, भेसळ नाई."

"आणि हे काळं? आम्हाला वाटलं, तुम्ही खूण केली आहे."

"ते नजर नाई लागाले पाहिजे म्हणून."

बाई खुर्चीवर बसल्या. आधी हसल्या, मग समजावलं. अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. आतलं पिल्लू त्यातून श्वास घेतं. तेलानं ती बुजली, की पिल्लू जीव धरता धरताच कोंडतं.

मला पटेना. "तेलानं कोणी मरते काय? मी रोज लावतो."

"नाकपुड्या बंद होईपर्यंत लावता का?"

मी आपलं नाक चाचपलं. सर मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "आपण श्वासाच्या रोगावर काम करतो, आणि तेल आपल्याही लक्षात आलं नाही."

घरी बायकोला सांगितलं तर ती फुगली. "मंग उघडीबोडकीच धाडू? अन् नजर लागली तं?" शेवटी टिका टोपलीला लावायचा ठरला. कोरडी अंडी मी दुसऱ्याच दिवशी पोचवली. मशीनमध्ये पाचेक दिवस राहिली, की कळणार होतं. ते दिवस मी कोंबड्याला हातानं दाणे घातले, आणि बाबा सुरीची धार पाहत राहिले.

मंडईच्या आदल्या दुपारी मिलमध्ये गेलो. बाईंनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं. डब्याला भोक, आत दिवा, आणि भोकावर अंडं धरलं. अंडं आतून कंदिलासारखं लाल झालं. त्यात बारीक बारीक शिरा, धानाच्या रोपट्याच्या मुळ्या फुटाव्यात तशा, आणि मधोमध एक ठिपका उडत होता. टुक, टुक, टुक.

"हे काय होय?"

"काळीज आहे त्याचं."

बाईंनी दुसरं धरलं, तिसरं धरलं. सगळी नाही, पण बहुतेक सगळी तशीच. मी एकेकाला "हा पाहा, हा पाहा" म्हणत होतो, जणू बाईंना दिसत नव्हतं. बाहेर आलो तर सर म्हणाले, "तुमच्या कोंबड्याला आमचा निरोप सांगा. चुकलं म्हणावं."

कार्तिकाची थंडी खात, सायकल दामटत घरी आलो. टुक-टुक बाबांना ओट्यावर हातानं करून दाखवलं. त्यांनी सुरीची धार अंगठ्यानं पाहिली. मग म्हणाले, "मंग पाहुण्यायले काय वाढाचं?"

"वांगे."

"वांगे तं वांगे," बाबा म्हणाले, आणि सुरी वांगी चिरायला माझ्या बायकोकडे देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर थंडीनं माझं नाक नळासारखं वाहत होतं. मंडईची दुकानं लागत होती, आणि पाराशी जीप येऊन उभी राहिली. न्हाव्यासकट सगळे तिथंच होते. मी कोंबडा काखेत मारला, सगळ्यांच्या मधून चालत गेलो, बाईंच्या खुर्चीवर बसलो आणि मान मागं टाकून नाक वर केलं.