मार्ता, रूथ, मैनी आणि आमची मंडळी

आमच्या देवळातल्या गोष्टी लिहून ठेवाव्यात असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. लग्नाला, मयतीला जुनी माणसं जमली की कुणीतरी मार्ताचं नाव काढतं, आणि मग उठायचं कुणी नाव घेत नाही. परवा पणतूच्या बाप्तिस्म्याला तेच झालं. पानं वाढून तयार, आणि आम्ही चार म्हातारी माणसं अंगणात हसून डोळे पुसतोय. नातसून म्हणाली, "आजी, हे एकदा कागदावर उतरवा, म्हणजे जेवणं तरी वेळेवर होतील." म्हणून बसले.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. माझं माहेर वडशाचं. लग्न होऊन मी वैनगंगेच्या काठच्या त्या गावात आले आणि मुलांची रविवारची शाळा माझ्या गळ्यात पडली. देऊळ कसलं, कौलारू खोलीच ती. सारवलेली जमीन, अंथरलेल्या तरटपट्ट्या, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मिशनचा दवाखाना शेजारीच.

*

दवाखान्यात राहेलबाई आया होत्या. नवरा वारलेला, एकच मुलगी, मार्ता. तेव्हा दहा वर्षांची असेल. डोळे बारीक, जीभ जड, चालणं डुलत डुलत. तिला जे होतं त्याला आमच्याकडे तेव्हा नाव नव्हतं. माया असलेले 'भोळी' म्हणायचे. बाकीचे काय म्हणायचे ते लिहीत नाही.

मार्ता उपासनेत मोठ्यानं बोलायची. म्हणून आमच्या मंडळीचे पंच दाऊदभाऊ यांनी राहेलबाईंना सांगून टाकलं होतं, की बाई, पोरीला घेऊन वऱ्हांड्यात बसत जा. दाऊदभाऊ वाईट माणूस नव्हे. धानाची शेती, दणदणीत आवाज, आणि देवळाची शिस्त म्हणजे जीव की प्राण. राहेलबाई दोन वर्षं उन्हापावसात वऱ्हांड्यात बसल्या. आमच्यापैकी कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही.

मग नगरकडून नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले. पहिल्याच रविवारी उपदेशाच्या मध्येच ते थांबले, चपला न घालता बाहेर गेले आणि राहेलबाईंना विचारलं, "बाई, आत का बसत नाही?"

राहेलबाई म्हणाल्या, "पोट्टी आवाज करते जी."

"मी तर तासभर करतो," पाळक म्हणाले. "मला कुणी बाहेर बसवलं नाही."

त्या दिवसापासून मार्ता आत, पहिल्या तरटपट्टीवर. दाऊदभाऊ पुढचे दोन रविवार कुणाशी बोलले नाहीत.

*

पाळकांना उपदेशात प्रश्न विचारायची सवय होती. उत्तराची अपेक्षा नसते असले प्रश्न. मार्ताला ते कुठून कळणार?

एकदा पाळकांनी हात पसरून विचारलं, "आपल्यातला कोण छातीवर हात ठेवून म्हणेल, की मी पाप केलं नाही?"

मार्ता उभी राहिली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी."

हसावं की नाही, कुणाला कळेना. मार्ताला वाटलं, अजून माहिती हवी आहे. तिनं आईकडे बोट दाखवलं. "आईनं बी नाई केलं." मग पुरुषांच्या बाजूला वळून तिनं शांतपणे सांगितलं, "दाऊदभाऊनं दवाखान्यातले पेरू तोडले. तीन."

दाऊदभाऊंचे कान लाल झाले. पाळकांनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशीचा उपदेश तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर कुणीतरी पेरूंची टोपली ठेवून गेलं होतं.

पुढे पाळकांनी मार्तासाठी एक रीतच पाडली. प्रश्न विचारला की ते थांबायचे, तिच्याकडे बघायचे, ती उत्तर द्यायची, मग पुढे. बाहेरगावचे पाहुणे चक्रावून जायचे. आम्हाला मात्र तिच्या उत्तराशिवाय उपदेश अळणी लागायला लागला.

*

मार्ता आत बसते ही बातमी पसरली, तसा शेजारच्या गावचा एक सुतार आपल्या मुलीला सायकलच्या कॅरियरवर बसवून घेऊन आला. ही रूथ. जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. डोळे मात्र असे चपळ, की तिच्यासमोर काही लपवायची सोय नाही.

तिला शिकवायचं कसं? मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी आणि रूथनं मिळून खुणा ठरवल्या. छातीशी दोन्ही मुठी म्हणजे प्रार्थना. हनुवटीखाली हात हलवला की पाळक, कारण त्यांना दाढी होती. भात, पाणी, ताप, पाऊस, सगळ्याला खुणा झाल्या. मुलांनी त्या महिन्याभरात उचलल्या, मुलांच्या आयांनी त्यांच्याकडून, आणि आयांकडून बापांनी.

पावसाळ्याच्या शेवटी पाळक मला कौतुकानं म्हणाले, "बाई, अलीकडे मंडळी उपदेशाच्या वेळी किती शांत बसते! कुजबुजसुद्धा नाही."

मी काय बोलणार? बायांच्या बाजूनं नवऱ्यांना खुणेनं विचारणं चालू असायचं, की भात चुलीवरून उतरवून आलात का. नवरे खुणेनं सांगायचे, विसरलो. रूथ सगळ्यांची बोलणी वाचत मध्ये बसलेली असायची आणि तोंडावर हात धरून हसायची. शेवटी तिनंच एक दिवस पाळकांना त्या खुणा शिकवल्या. पुढच्या रविवारी पाळक वचन वाचता वाचता थांबले आणि तोंडातून शब्द न काढता हातानं एवढंच म्हणाले, "भात करपला."

*

शिवरात्रीला आमच्या गावातून मार्कंड्याच्या यात्रेच्या बैलगाड्या जायच्या. एका वर्षी मार्ता त्या गाड्यांबरोबर गेली. म्हणजे कुणालाच कळलं नाही कुठे गेली ते. राहेलबाई नदीकाठानं हाका मारत फिरत होत्या. पाळक, दाऊदभाऊ, दवाखान्याचे डॉक्टर सगळे शोधत होते. दुपारी दाऊदभाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरून बांबूनं डोह चाचपत होते, ते मी बघितलं. तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

दिवस मावळायला एक गाडी दवाखान्यापुढे थांबली. शेतकरी नवरा-बायको आणि मध्ये मार्ता, कपाळभर गुलाल, हातात नारळ. त्या बाईनं राहेलबाईंचा हात धरला आणि सांगितलं, "पोरगी आपल्या मनानंच गाडीत चढून बसली होती बाई. अर्ध्या रस्त्यात दिसली. मंग तिले दर्शन करवूनच आनलं. आमच्या देवाच्या पाया पडली थे, तिले रागावू नोका."

पाळकांनी त्या दोघांना चहा पाजला आणि गाडीपर्यंत पोचवायला गेले.

रविवारी अर्पणाच्या वेळी मार्तानं तो नारळ पुढे नेऊन टेबलावर ठेवला. दाऊदभाऊंनी नारळाकडे बघितलं, पाळकांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "साहेब, आता याच्यावर प्रार्थना कोनती म्हनावं?"

पाळक म्हणाले, "आधी फोडा."

फोडला दाऊदभाऊंनीच. खोबरं सगळ्यांना पुरलं.

*

मैनी भामरागडकडची. देवी येऊन लहानपणीच डोळे गेलेले. तिच्या मामानं तिला उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यात आणलं आणि चार दिवसांत येतो म्हणून गेला. पाऊस लागला, नाले भरले, रस्ता बंद. मामा आला तो दिवाळीनंतर, पण तोवर मैनीनं राहेलबाईंचं घर आपलं केलं होतं, आणि ती गेलीच नाही. आली तेव्हा तिला गोंडीच येत होती. मराठी तिला मार्तानं शिकवली, त्यामुळे दोघींचं मराठी बाकी कुणाला चटकन कळायचं नाही.

मैनी देवळाच्या दाराशी बसायची, जिथे लोक चपला काढतात. पायांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायची. मी हजेरी घेणं सोडून दिलं, मैनीला विचारलं की झालं. कोण घाईत आहे, कोण भांडून आलंय, हेसुद्धा तिला कळायचं.

एका रविवारी ती मला म्हणाली, "बाई, दाऊदभाऊचा उजवा पाय फटकन पडून राह्यला. पहिले असा नव्हता पडत."

दाऊदभाऊंनी ते ऐकलं आणि हसून म्हणाले, की नवीन चप्पल आहे, तिचा आवाज असेल.

मैनी म्हणाली, "चप्पल तं दारात हाये."

डॉक्टर मागेच उभे होते. त्यांनी दाऊदभाऊंना तसंच दवाखान्यात नेलं. पाऊल वर उचलत नव्हतं. गुडघ्याखाली टाचणी टोचलेली कळत नव्हती. पाठीवर एक फिकट चट्टा होता, तो त्यांनी कधी कुणाला दाखवला नव्हता. महारोग निघाला.

नव्या गोळ्या निघाल्या होत्या, लवकर कळलंय, बरे व्हाल, असं डॉक्टर सांगत होते. पण त्या काळी हा शब्द उच्चारला की माणूस अर्धा मेलाच. लांबच्या इस्पितळात जायला दाऊदभाऊंची गाडी निघाली, तेव्हा आम्ही सगळे उभे होतो, पण जरा अंतर ठेवून. मैनी एकटी चाचपडत गाडीजवळ गेली. दाऊदभाऊंनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि मागे घेतला.

मैनी म्हणाली, "परत या भाऊ. तुमचा पाय मले पाठ हाये, मी बरोबर वळखीन."

*

दीड वर्षानं ते परत आले. मैनीनं देवळाच्या दाराशी ओळखलं, आमच्याआधी. डॉक्टरांचं पत्र होतं, की आता यांच्यापासून कुणाला धोका नाही. पाळकांनी ते मंडळीपुढे वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण पुढच्याच रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर खायची आणि द्राक्षरस प्यायचा, आणि आमच्याकडे पेला एकच. मनुका उकळून मीच रस करायची. सगळे अर्धगोल बसायचे, पेला एकाच्या तोंडाचा दुसऱ्याच्या तोंडाला. खरं सांगते, त्या सकाळी रस गाळताना मी हाच विचार करत होते, की भाऊंच्या आधी कुठे बसता येईल.

त्याच दिवशी मार्ताला पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसायचं होतं. ह्यासाठी प्रश्नोत्तरं पाठ म्हणावी लागतात. पाळकांनी तिला एकच विचारलं होतं, "मार्ता, येशू कोण?" ती म्हणाली होती, "माह्या वळखीचा हाये." पाळकांनी तिचं नाव यादीत घातलं.

आम्ही बसलो. दाऊदभाऊ सगळ्यांच्या शेवटी, बायांच्याही पलीकडे, भिंतीजवळ जाऊन बसले. त्यांच्यानंतर कुणाला प्यायची वेळ येऊ नये म्हणून. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं आणि माना खाली घातल्या.

पाळक पेला घेऊन निघाले. ते अर्ध्यावर आले तेव्हा मार्ता आईजवळून उठली, डुलत डुलत गेली आणि भाऊ आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत स्वतःला कोंबून बसली.

दाऊदभाऊंनी पेल्याला ओठ लावल्यासारखं केलं. मग हळू आवाजात पाळकांना म्हणाले, "माह्या मांगून तिले नोका देऊ साहेब."

पाळक राहेलबाईंकडे बघत राहिले. राहेलबाईंनी जमिनीकडे बघितलं. तेवढ्यात मार्तानं दोन्ही हातांनी पेला घेतला, उरलेला सगळा रस पिऊन टाकला, मनगटानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आखीन हाये का?"

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला दाऊदभाऊ मागच्यासारखेच भिंतीजवळ गेले. जागा भरलेली होती. भिंतीला पाठ टेकून राहेलबाई बसल्या होत्या, शेजारी मार्ता.

दाऊदभाऊ तसेच उभे राहिले.

राहेलबाई म्हणाल्या, "म्होरं सरका भाऊ. इथी मी बसली हाओ."