काडतुसांचा पट्टा आणि एरंडेल

आमच्या वडिलांनी, आबांनी, उभं आयुष्य बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे केले. मग जामखेडच्या आमच्या भागात ट्रॅक्टर वाढले, बैल गेले आणि पट्ट्यांना कुणी विचारेना. त्याच सुमारास नगरच्या एका नेमबाजाचा तुटलेला काडतुसांचा पट्टा आबांनी शिवून दिला, आणि तिथून हा नवा धंदा सुरू झाला. हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीनं फोडायच्या, असा तो खेळ. काडतुसं ठेवायला नायलॉनच्या पिशव्या बाजारात ढिगानं मिळतात, तरी काही हौशी लोकांना चामडंच लागतं. त्यांच्या हौशीवर आमची चूल पेटते, म्हणून मी हसत नाही.

या पट्ट्यावर काडतुसांसाठी ओळीनं घरं करायची असतात. चामडं भिजवायचं, काडतुसाच्या जाडीच्या लाकडी गुल्लीभोवती ओढून शिवायचं आणि गुल्लीसकट सावलीत वाळू द्यायचं. मग घर ताठ राहतं. पट्टा उलटा धरून झटकला तरी काडतूस पडता कामा नये, आणि दोन बोटांनी ओढलं तर अडता कामा नये. मी कामाला बसलो तेव्हा आबांनी एकच गोष्ट बजावली होती. "बैलाचा पट्टा तेल पितो. ह्याला तेलाचं बोट बी लावायचं न्हाई. ढिला पडतो."

तेच आबा गेल्या दोनेक वर्षांत विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली, मग जेवलो की नाही तेही. बायको म्हणायची, "त्यांच्या हातातली रापी काढून घ्या. एक दिवस बोट तोडून घेतील." चामडं कापायचं ते हत्यार धारदार असतं, तिचं चुकत नव्हतं. पण रापी काढली की हा माणूस संपला, असं मला वाटायचं. म्हणून मी कापायचो आणि आबा शिवायचे. डोकं साथ देत नव्हतं, पण टाका अजून सरळ पडत होता.

नगरच्या एका मुलीचा पट्टा तयार झाला होता. पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेला निघाली होती ती. मी बक्कल आणायला जामखेडला गेलो. परत आलो तर आबा ओट्यावर बसलेले, मांडीवर तो पट्टा, शेजारी एरंडेलाची वाटी. पट्टा काळाकुट्ट झालेला. हात कोपरापर्यंत चकचकीत आणि चेहरा असा खुललेला, की कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"बघ, कसा मऊ केलाय. पोळा आलाय न्हवं? बैल कुनाचा हाय?"

पोळ्याआधी गावभरचे पट्टे आमच्याकडं यायचे आणि आबा ते एरंडेलात चोळून द्यायचे. पोळा खरंच दोन दिवसांवर होता. ते त्यांना बरोबर आठवलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कुनाचाच न्हाई, आबा! गावात बैल ऱ्हायलेत कुटं?" मी एवढ्यानं ओरडलो की शेजारीण बाहेर आली. आबांनी हळूच वाटी मागं सरकवली.

मी पट्ट्याला भुसा चोळला, पंख्याखाली टांगला, पुन्हा गुल्ल्या घालून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी आली. मापासाठी दिलेली रिकामी काडतुसं तिनं घरांत बसवली, पट्टा कमरेला बांधला आणि दोन पावलं चालली. काडतुसं टपाटप अंगणात पडली. आबा वाकून एकेक गोळा करायला लागले. ती मला म्हणाली, "असू द्या काका, मी पिशवी वापरीन." चिडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी रापी, आरी, सुया, सगळं पेटीत घालून कुलूप लावलं. आबांनी का म्हणून विचारलं नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता कुणाला सांगायची लाज वाटते, पण पुढच्या काही आठवड्यांत माणूस भराभर विझत गेला. ओट्यावर बसायचे आणि गुडघ्यावर नसलेला दोरा ओढायचे. बायकोनं पुन्हा रापीचा विषय काढला नाही.

परवा मी नवा पट्टा शिवत होतो. पैसे न घेता त्या मुलीला पाठवायचा असं ठरवलं होतं. आबा जवळ येऊन बसले. बराच वेळ माझ्या हातांकडं पाहत होते.

"हात चांगला हाय तुमचा," ते म्हणाले. जन्मात त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं. "कुनाकडं शिकलात?"

मी हातातला टाका ओढून घेतला आणि म्हणालो, "वडलांकडं."

त्यांनी एका घरात बोट घालून पाहिलं आणि मान हलवली.

"मंग ठावं आसंलच तुमाला. ह्याला तेल लावू नका."