उन्हात ठेवलेली बोरीची फांदी

पौषातल्या धुक्यात परभणीहून जिंतूरची मोटार सुटली, तेव्हा मला परत फिरावंसं वाटत होतं. जिंतूरच्या पुढे बैलगाडी केली. पूर्णेच्या खोऱ्यात ज्वारी हुरड्याला आली होती, बांधावरच्या बोरी फळांनी वाकल्या होत्या. रानडुकरं याच दिवसांत शेतात उतरतात. निजामाच्या राज्यात गरिबाला बंदुकीचा परवाना कोण देणार? म्हणून इथले लोक बोरीच्या लाकडाचा कामठा (धनुष्य) बाळगतात.

गेल्या वैशाखात शाळेला सुटी असताना लक्ष्मणबाबा या शेतकऱ्याकडे उतरलो होतो, तेव्हा मी हे काम पाहिलं. बोरं संपली की फांदी तोडायची, टोकांना मेण आणि शेण लिंपायचं आणि घरात सावलीला तराजूसारखी टांगायची. दांडीला एकीकडे फांदी, दुसरीकडे खड्यांची पिशवी. लाकूड वाळून हलकं होईल तसे खडे काढायचे. महिनाभर एकही खडा काढावा लागला नाही, की लाकूड तयार. याला वर्ष लागतं.

बाबा शेतात गेले असताना, मदत म्हणून, मी ती फांदी दुपारभर उन्हात ठेवली. तड् असा आवाज झाला. टोकाशी केसाएवढी भेग पडली होती. मी तिच्यावर शेण लिंपलं, फांदी परत टांगली, ती उन्हानं हलकी झाली होती म्हणून खडे काढून तराजू सारखा केला आणि गप्प निघून आलो. आठ महिने ते मनात होतं. कामठा बाबांच्या तोंडावर फुटला तर? या खेपेला तेच सांगायला आलो होतो.

बाबांच्या घरी त्यांच्या कारभारीण पारूबाईंनी भाकरी आणि हरभऱ्याची भाजी वाढली. त्या म्हणाल्या,

"लय वाळलात की, मास्तर. परभणीत चुली पेटत न्हाईत का?"

बाबा खुशीत होते. "बांधावरची बोर लय गुणाची निघाली बघा. वर्साचं लाकूड चार म्हैन्यांत वाळलं. म्हनून श्रावणात तिच्याच तीन फांद्या तोडून भावकीत दिल्या. आता कामठे वाकवायलेत."

तो बोरीचा गुण नव्हता, मी दाखवलेलं ऊन होतं. मी सगळं सांगून टाकलं.

बाबांनी त्याच फांदीचा, खुंटीवरचा कामठा काढून त्यावर तेलाचं बोट फिरवलं. तेल भेगेत शिरलं आणि तिची काळी रेघ मधल्या मुठीपर्यंत गेली.

"ह्यो मोडला तर मोडू द्या," ते म्हणाले. "पन मी तिघांला खोटं सांगितलं की."

"खोटं माझं आहे, बाबा."

"मंग चला. तुमीच सांगा."

दोन घरी फांद्या अजून टांगलेल्या होत्या. तिसऱ्या घरी बाबांचे चुलतभाऊ माणिकराव गुडघ्यावर लाकूड वाकवायच्या बेतात होते. माझं ऐकून त्यांनी ते खाली ठेवलं.

"शिकलेला मानूस मुका असतो व्हय? अन् आता माझं रान कशानं राखू?"



दिवस कलताना परतीची बैलगाडी निघाली. माणिकरावांच्या शेतातून रानडुकरं हाकलायला डबा बडवल्याचा आवाज येत होता. मी गाडीवानाला थांबवलं आणि बांध ओलांडून गेलो. दुसरा डबा माणिकरावांनी माझ्याकडे सरकवला.

दोन रात्री डबा बडवला, मोटार चुकली. सुजलेले तळहात घेऊन मी दोन दिवस उशिरा शाळेत पोचलो. हेडमास्तरांनी कारण विचारलं. या वेळी खरं सांगायला आठ महिने लागले नाहीत.