कोरडी गाळणी

घरी उशीचा अभ्रा अर्धाच चढवलेला राहिला आहे. दुपारी मी भाऊजींच्या खोलीतली चादर बदलत होते. एवढ्यात ते अवेळीच कामावरून आले, पिशवी दारात टाकली आणि बाहेरच्या बाकावर बुटांसकट आडवे झाले. दमले असतील, पटकन अंथरूण घालून द्यावं, म्हणून मी अभ्रा ओढत होते. पिशवी पायात आली, तेव्हा म्हटलं, डबा तरी घासायला काढू. डब्याखाली पाण्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. शेजारी गाळणी, खडखडीत कोरडी.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सव्वीस वर्षं उंच क्रेन चालवतात. कामावर त्यांना घार म्हणतात. वरच्या केबिनपर्यंत शिडीच्या एकशेऐंशी पायऱ्या. लघवीला उतरायचं म्हणजे खाली वीस माणसं हात बांधून उभी आणि मुकादमाच्या तोंडाचा पट्टा सुरू. म्हणून सकाळी चढले की सुट्टी होईपर्यंत पाण्याचा घोट नाही. "घारीला तहान लागत नाही, वहिनी," असं वर मलाच ऐकवायचे. डाव्या मूत्रपिंडात खडा झाला, तेव्हा मात्र घार फरशीवर गडाबडा लोळली.

मागच्या आठवड्यात लहरींच्या यंत्रानं तो खडा फोडला. चिरफाड नाही, टाका नाही. पाठीखाली पाण्याची गादी आणि तासभर नुसतं टक, टक, टक. बाहेर आले ते हसतच. "कोणीतरी रबर ताणून पाठीवर सोडत होतं. तीन हजार वेळा! एवढा तर मुकादमही मागे लागत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "फुटलाय, पण तुकडे अजून आतच आहेत. ते पाण्यानंच वाहून येणार. रोज तीन लिटर प्यायचं. लघवी गाळणीतून करायची, निघेल ते जपून ठेवायचं. हुडहुडी भरली किंवा लघवी अडली, तर तासभरही थांबू नका."

मी शब्दन्‌शब्द या वहीत उतरवला. खाली दोन रेघा मारल्या.

दोन दिवस वाळूसारखी कणी निघाली. तिसऱ्या दिवशी ऐकेनात. "लांब तुळया चढवायच्यात. नवा गडी कुणाच्या तरी डोक्यात घालेल." मी बाटलीवर वेळेच्या खुणा करून दिल्या. संध्याकाळी बाटली रिकामी, गाळणी ओली.

"कणी आली?"

"नाही. संपली वाटतं."

रोज रात्रीच्या प्रार्थनेनंतर मी लिहिलं, "बाटली संपली. कणी नाही. देवा, तुझे उपकार." चार दिवस, चार ओळी. याहून जास्त काय विचारणार? वहिनीनं दिराला लघवीचं किती खोदून विचारायचं? मीही संकोचले, तेही.

आज बाटली घेऊन बाहेर धावले. त्यांचे दात वाजत होते. कपाळ तव्यासारखं.

"भाऊजी, हे काय?"

"आज नळावर ओतायचं राहिलं."

"म्हणजे रोज ओतत होतात?"

"खाली उतरलो की. तुम्ही एवढ्या खुणा करून देता, वाईट वाटलं असतं. गाळणीही विसळून आणायचो."

"आणि लघवी?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "कालपासून थेंब थेंब."

दवाखान्यात नेताना टॅक्सीतून आमच्या यांना फोन केला. परगावी गेलेत, पोचायला संध्याकाळ होईल म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. मूत्रपिंडाखालच्या नळीत कण एकामागे एक रांगेनं अडकलेले. "वर पू साठलाय. रक्तात उतरला असावा. आत्ताच नळी घालून वाट मोकळी करावी लागेल. चार दिवस करत काय होतात?"

मी वही पुढे केली. मग तशीच मागे घेतली.

आत नेताना भाऊजींनी माझा पदर धरला. "वहिनी, मुकादमाला सांगा, हुक रिकामा करूनच उतरलोय." ओठ निळसर दिसत होते. त्यांचे बूट माझ्याकडे दिले.

ते मांडीवर घेऊन हे लिहितेय. त्या चार ओळी खोडाव्याशा वाटल्या, खोडल्या नाहीत. ज्याचे उपकार मानले, त्यानं त्या वाचल्याच असणार. कणी येत नव्हती ती संपली म्हणून नव्हे, अडली म्हणून. आणि मी हात जोडत बसले.

दार उघडून परिचारिका आली. रक्ताचा दाब उतरतोय म्हणाली आणि हातात एक कुपी ठेवली. अजून गरम आहे. भाऊजींचं हे रक्त तळमजल्यावर, तपासणीच्या खिडकीवर नेऊन द्यायचंय.