वाटेचा आकडा

"हरवलं काही नाही. सापडायचंय."

रस्त्याकडेच्या एखाद्या कठड्याला टेकून, कुबडी काखेत दाबून, त्या वाकून खाली हात घालून चाचपत असायच्या. येणारा-जाणारा हमखास थांबायचा आणि विचारायचा, "ताई, काय हरवलं का?" त्यावर मान वर न करता त्या हे उत्तर द्यायच्या. पन्नाशी उलटलेली, पायाला कॅलिपर लावलेली बाई टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगांमागच्या रस्त्यावर काय शोधतेय, हे कळल्याशिवाय आपल्याकडे माणसाला पुढे जाववत नाही. तुम्हीही थांबला असतात. मीसुद्धा थांबलो. फरक एवढाच की मी त्यांना ओळखत होतो.

आम्ही ठाण्यात एकाच ऑफिसात होतो. विम्याचे क्लेम तपासायचं काम. त्या माझ्या कितीतरी आधीपासून तिथं होत्या. लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय त्यातच गेलेला. लग्न केलं नव्हतं. कळव्याला बुद्धविहारामागच्या चाळीत भाऊ आणि वहिनीबरोबर राहायच्या. कुणी मदत म्हणून हातातली फाईल घ्यायला पुढे झालं की फाईल झटकन दुसऱ्या काखेत जायची. त्यामुळे सहसा कुणी पुढे होत नसे, आणि ते त्यांना बरं वाटायचं.

टिटवाळ्याला मी एका नातेवाइकांकडे गेलेलो. तिथं मॅडमना रस्त्यावर बघून मी चकित झालो, त्या मात्र अजिबात चकित झाल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आलायस तर पाठ करून उभा राहा, लोक बघतायत." मी पाठ केली. मागे काहीतरी खुडबुडलं. थोड्या वेळाने त्यांनी मला एक छोटी प्लास्टिकची डबी दाखवली. आत गुंडाळी केलेला कागद, एक काचेची गोटी, एक बटण. कागदावर त्यांनी सही केली, डबी होती तशी परत ठेवली आणि चालायला लागल्या.

त्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी डबा लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश अॅपवर टाकतो, दुसरे लोक मोबाईल घेऊन तो शोधतात. बक्षीस नाही. जगभर खेळतात. आपल्याकडे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत मोजकीच माणसं होती, पण होती. मी विचारलं, मग यात मिळतं काय? त्या म्हणाल्या, "सही करायला मिळते."

पुढे मीही त्यांच्याबरोबर जायला लागलो आणि ऑफिसाबाहेर मॅडमच्या ताई झाल्या. खेळाचे नियम त्यांनी मला जाता-येता शिकवले. डबा जिथं मिळाला तिथंच ठेवायचा, "जास्त चांगला" लपवायचा नाही. आतली वस्तू घेतली तर तिच्या तोडीची ठेवायची. न खेळणाऱ्याच्या नजरेला पडू द्यायचा नाही. जागेचा फोटो टाकून दुसऱ्याचा शोध नासवायचा नाही. ज्याची जागा त्याला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही. शेवटच्या नियमावर त्या फार कडक होत्या. न विचारता ठेवला तर तो डबा नाही, कचरा, असं म्हणायच्या.

एकदा कल्याणला एका पुलाखालच्या रेलिंगला लावलेली डबी आम्ही काढत होतो. समोरच्या दुकानदाराला संशय आला, त्याने हवालदाराला बोलावलं. मी घाबरून भराभर खुलासे करायला लागलो. ताईंनी मला गप्प केलं, डबी हवालदारांसमोर उघडली, आतली एकेक वस्तू कठड्यावर मांडली आणि खेळ समजावून सांगितला. हवालदार म्हणाले, "बाई, पायाचं असं असताना कशाला ही वणवण? घरी बसावं आरामात."

"तुम्ही बसता का घरी आरामात?" ताईंनी विचारलं.

ते हसले. ताई हसल्या नाहीत. पेन पुढे करून म्हणाल्या, "तुम्हालाही सापडलंय. करा सही." आणि त्यांनी खरंच केली. पण त्याच संध्याकाळी ताईंनी ती डबी लावणाऱ्या माणसाला फोन करून झापलं. गर्दीच्या पुलाखाली डबी लावायची नाही हे त्याला कळायला हवं होतं, घाबरलेल्या दुकानदाराची काही चूक नव्हती. तो म्हणे, पण तुम्ही तर तिथं आमची बाजू घेतलीत. ताई म्हणाल्या, ती तिथं. आता तुझ्याशी बोलतेय.

मग त्यांचा डावा गुडघा गेला. इतकी वर्षं सगळा भार त्याच्यावर होता. डॉक्टरांनी व्हीलचेअर सांगितली. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती, ती त्यांनी सोडून दिली. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी चहा देता देता म्हणाल्या, चला, आता ते फिरणं तरी थांबेल एकदाचं. त्यांना खरंच काळजी होती. ताई मोबाईलवर काहीतरी वाचत होत्या. मी निघताना म्हणाल्या, "येत्या रविवारी मोकळा आहेस ना? आकडा एक बघायचाय."

हे जरा सांगायला हवं. प्रत्येक डब्याला वाटेचा एक आकडा द्यावा लागतो, एकपासून पाचपर्यंत. पाच म्हणजे दोर, होडी, असलं काहीतरी लागणार. एक म्हणजे व्हीलचेअर डब्यापर्यंत जाते. हा जगभरचा संकेत. आम्ही डबा लावताना सोपी वाट दिसली की एक टाकून मोकळे व्हायचो. ताई त्या खुर्चीतून एकेक "एक" बघायला निघाल्या, मी ढकलायला. ढकलायची परवानगी मला मोठ्या मुश्किलीने मिळालेली. सपाट रस्त्यावर ती काढून घेतली जायची.

एकही एक खरा निघाला नाही. कुठे फूटपाथ गुडघाभर उंच, कुठे चिखल, कुठे वाटेत मधोमध विजेचा खांब. ताई अॅपवर प्रत्येक डब्याखाली शांतपणे लिहायच्या: वाट पाहिली. आकडा चुकीचा आहे. दोन पायऱ्या आहेत.

खेळणाऱ्यांमध्ये कुरबूर सुरू झाली. डोंबिवलीत एका उडुप्याच्या हॉटेलात आमची सगळ्यांची भेट ठरली, तिथं ती बाहेर पडली. सॉफ्टवेअरमधल्या एका गृहस्थांनी पुष्कळ डबे लावलेले, आणि ताईंच्या नोंदी सगळ्यात जास्त त्यांच्याच डब्यांखाली होत्या. ते म्हणाले, "ताई, दोनच पायऱ्या आहेत. कुणीही उचलून नेईल तुम्हाला. एवढं काय? खेळ आहे हा."

"खेळ आहे म्हणूनच," ताई म्हणाल्या. "ऑफिसात लोक खोटं लिहितात, पोटासाठी लिहितात. खेळात कशाला लिहायचं?"

ते गृहस्थ चिडले होते, पण माणूस सरळ होता. म्हणाले, मी सगळे आकडे बदलतो. पण मग तुम्हीच एक खरा एक लावून दाखवा. आपल्याकडे तशी जागाच नाही.

"दाखवते," ताई म्हणाल्या आणि इडलीकडे वळल्या.

तो सबंध हिवाळा आम्ही जागा शोधत होतो. डबा शोधणं सोपं वाटावं इतकं ते अवघड निघालं. शेवटी कोलशेतच्या बाजूला एक बाग मिळाली. आत गुळगुळीत वाट, तळं, कडुनिंब, हाताच्या उंचीवर बाक. ताई बाहेरून जाळीतून बघत राहिल्या. कारण आत जायच्या वाटेवर मोटारसायकली शिरू नयेत म्हणून आडवेतिडवे लोखंडी दांडे लावलेले. बारीक माणसानेही अंग चोरून जावं असे. शेजारी मोठं गेट होतं, त्याला कुलूप.

वॉचमन कोकणातले, वयस्कर, सभ्य. म्हणाले, मोठं गेट फक्त गाडीसाठी उघडतो.

"मग उघडा की," ताई म्हणाल्या. "चाकं आहेत. गाडीच आहे ही."

त्यांनी चावी आपल्याकडे नसल्याचं सांगितलं. चावी कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे असायची, आणि तो कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी परत फिरायला खुर्ची वळवली. ताईंनी ब्रेक लावला. जेवणाचा डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली, पाणी प्यायल्या, उन्हं चढल्यावर निघाल्या. पुढच्या रविवारी परत. त्याच्या पुढच्या रविवारी परत. घोषणा नाही, फलक नाही. सकाळी फिरायला येणारे विचारायचे, आजी, कुणाची वाट बघताय? ताई सांगायच्या, आत जायचंय.

हे ऐकून माणसं अवघडायची. एकदा व्यायाम करून निघालेले चार तरुण थांबले. चांगल्या मनाची पोरं. म्हणाली, आम्ही खुर्चीसकट उचलून दांड्यांवरून पलीकडे ठेवतो, दोन मिनिटांचं काम. त्यांनी खुर्चीला हातही लावला.

"मला उचलू नका," ताई म्हणाल्या. "कुलूप काढा."

आवाज चढलेला नव्हता, पण मुलांनी हात मागे घेतले.

असे बरेच रविवार गेल्यावर एके सकाळी सुपरवायझर आला. कुणीतरी तक्रार केलेली असणार. किल्ल्यांचा जुडगा काढून त्याने स्वतः गेट उघडलं, बाजूला झाला आणि म्हणाला, "या आजी. तुमच्यासाठी उघडलंय आज."

मी खुर्चीच्या मुठी धरल्या. ब्रेक निघेना. ताईंनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू ना."

"मग मी उद्याच येईन," असं म्हणून त्यांनी खुर्ची स्वतः वळवली.

परत येताना मी त्यांच्यावर फार चिडलो. इतके रविवार उन्हात काढले, माझी बायको घरी बोलायला लागलेली, आणि गेट उघडल्यावर या बाई आत जात नाहीत. मी म्हणालो, हा हट्ट झाला, ताई. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मला लोकांनी आजच्यापुरतं आत घेतलंय रे. फार प्रेमाने घेतलंय. आता नको." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या रविवारी गेलो तर गेटाबाहेर एक बाई बाबागाडी घेऊन उभी. तीही आजवर बाळ एका हातात आणि गाडी दुसऱ्या हातात उचलून दांड्यांमधून जायची, आणि ताईंना तिथं बसलेलं बघेपर्यंत तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या एक आजी आल्या, वॉकर घेऊन. माझ्याकडून कळल्यावर सॉफ्टवेअरवाले गृहस्थही आले, सगळ्यांसाठी इडल्या घेऊन. सुपरवायझर आला आणि मोटारसायकलींचं गाऱ्हाणं सांगायला लागला. ते खोटं नव्हतं.

तेव्हा वॉचमन पुढे झाले. म्हणाले, "मी खुर्ची इथं आणून बसतो की साहेब. नाहीतर केबिनीत बसून तरी काय करतो? गेट सकाळी उघडायचं, रात्री लावायचं." आणि उत्तराची वाट न बघता आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणून गेटाशी ठेवली. सुपरवायझरने खुर्चीकडे पाहिलं, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि जुडग्यातून चावी काढून त्यांच्या हातात दिली.

ताई आत गेल्या. मला ढकलू दिलं नाही. बाबागाडीवाली पुढे, ताई मागे. तळ्याभोवती पूर्ण फेरी मारली. मग परत गेटाशी येऊन त्यांनी सुपरवायझर आणि वॉचमन या दोघांना रीतसर विचारलं, एका बाकाखाली छोटी डबी लावू का? दोघांनीही हो म्हटल्यावरच डबी पर्समधून बाहेर आली. अॅपवर त्यांनी वाटेचा आकडा टाकला: एक.

मागच्या पावसाळ्यात ताई गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात त्यांनी ती डबी माझ्या नावावर केली. आमच्यात त्याला दत्तक देणं म्हणतात. कागद ओला झाला की बदलत जा, एवढंच सांगितलं.

परवा कागद बदलायला गेलो होतो. त्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हणजे बाई बाकावर, आजोबा शेजारी व्हीलचेअरमध्ये. त्यांच्यासमोर डबी काढणं नियमात बसत नव्हतं. मी वॉचमनजवळ जाऊन बसलो आणि वाट बघितली. आजोबा तळ्याकडे बघत होते, बाई संत्रं सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होती. उठायचं नाव नाही. ऊन उतरलं तसे एकदाचे निघाले.

आमच्या समोरून ते गेटातून बाहेर गेले. आजी संध्याकाळी भाजी कुठली करायची ते विचारत होत्या. गेटाकडे दोघांनीही पाहिलं नाही.